पिंपळपानाचं टोक

गेल्या महिन्यात मी माझ्या बायकोला पाऊण तास उघड्या दारासमोर ताटकळत बसवलं. दार म्हणजे तिच्या शिवणक्लासचं वेब पान. वणीसारख्या गावात शिवणक्लासलाही वेब पान हवं असं माझं म्हणणं, आणि दारावरची पाटी पुरते असं तिचं. अशा वादात मी नेहमी हरतो, म्हणून या वेळी न विचारताच पान बनवून टाकलं. पानावर माऊसचा नेहमीचा बाण न दिसता दोरा ओवलेली सुई दिसावी, अशी माझी हौस. वेब पान कसं दिसावं हे ठरवणाऱ्या ओळी असतात, त्यांना सीएसएस म्हणतात. त्यांत ‘कर्सर’ असं लिहायचं, दोन टिंबं द्यायची आणि पुढे बाणाऐवजी काय हवं ते सांगायचं: बोट दाखवणारा हात, अधिकची खूण, गोल फिरणारं चक्र, नाहीतर आपण स्वतः काढलेलं चित्र. सुईचं चित्र काढून होईपर्यंत गंमत म्हणून मी तिथे ‘वेट’ लिहून ठेवलं होतं, म्हणजे चक्र फिरत राहतं आणि माणसाला वाटतं, मशीन काम करून राह्यली. ते काढायचं राहून गेलं. आमच्या सौभाग्यवती चष्मा लावून, हाताची घडी घालून त्या चक्रासमोर बसल्या. मी बाजारातून परत आलो तेव्हाही बसलेल्याच. “उघडून राह्यलं जी अजून,” ती म्हणाली. पान तर पहिल्याच क्षणाला पूर्ण उघडलं होतं. तिचं नाव, ब्लाऊजचे नमुने, वेळा, सगळं समोर होतं. पण चक्र फिरतंय म्हणजे थांबायचं, एवढी ती बिचारी शिस्तीची.

पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं फोनवर हे ऐकलं आणि हसून हसून तिला ठसका लागला. “बाबा, आजकाल सगळे मोबाइलवर पाहतात. मोबाइलवर बाणच नसतो. कोणासाठी सुई काढताय?” खरं आहे. मला आयुष्यात एकच कला जमली, बाणाचं रूप बदलण्याची, आणि ती कला आता बाणासकट नामशेष व्हायला आली आहे. पण याच कलेपायी एकदा आमच्या घरात काय घडलं आणि त्यात मी काय लपवलं, ते एकदा लिहून मोकळं व्हावं असं त्या चक्राकडे पाहताना वाटलं. बायको जवळच बसली होती. तिला यातलं अर्धंच माहीत आहे, असं मी तेव्हा समजत होतो.

आमचं घर वणीत, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून. ट्रक गेला की फडताळातल्या कपबशा एकमेकींशी बोलायच्या आणि दोरीवरचे पांढरे कपडे एक छटा खाली उतरायचे. आई दिवसातून तीनदा ओट्यावरून बोट फिरवून ते आम्हाला दाखवायची, जणू धूळ आम्हीच खिशातून आणली. खाणीचा भोंगा हे आमचं घड्याळ. बाबा खाणीच्या हजेरी कार्यालयात होते. शेकडो माणसांच्या नावांसमोर त्यांनी जन्मभर खुणा केल्या, आणि खूण करताना नावाखाली लाकडी पट्टी धरल्याशिवाय कधी पेन टेकवलं नाही. घरात किराण्याची यादी वाचतानाही पट्टी. मी त्या पट्टीची फार थट्टा करायचो. पुढे त्या पट्टीनं सूड घेतला, तो भाग येतोच आहे.

वैशालीताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बी.ए. झालेली, बालवाडीत शिकवायची. तिला पाहायला तोवर पाच ठिकाणचे लोक येऊन गेले होते. सगळ्यांनी पोहे वाखाणले आणि “कळवतो” म्हणून गेले. ताई म्हणायची, “माह्यापेक्षा माहे पोहेच जास्त पास होतात.” हे ती हसत म्हणायची, पण पाचवे लोक गेल्यानंतर तिनं पोहे करणंच सोडलं. सकाळी घरात भाकर आणि जवसाची चटणी सुरू झाली, आणि त्याचं कारण कोणी विचारलं नाही. मी स्वतः तेव्हा बी.कॉम. होऊन काहीच न करण्यात गुंतलेलो होतो. बसस्टँडजवळच्या एका संगणक वर्गात जायचो, पण शिकायला कमी आणि तिथल्या कूलरची हवा खायला जास्त.

आमच्या बौद्ध समाजाच्या मंडळाचे बाबा सचिव. मंडळ दरवर्षी वधू-वर परिचय मेळावा भरवायचं. जुनी पद्धत अशी, की छापील पुस्तिकेतून स्थळ निवडायचं, चिठ्ठीवर आपला आणि त्यांचा नंबर लिहायचा आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. मग मंडळ पोस्टकार्डानं त्या घरी कळवायचं, की अमक्यांनी तुमचं स्थळ पसंत केलं आहे. पुढचं बोलणं दोन्ही घरांनी करायचं. पण चिठ्ठ्यांवरचं अक्षर असं, की एका वर्षी एका मुलाचं कार्ड त्याच्याच काकाच्या घरी गेलं. तेव्हा बाबांनी बैठकीत सांगितलं, “या साली कॉम्प्युटर. माह्या घरीच पोरगा हाय, रिकामा.” शेवटचा शब्द त्यांनी कौतुकानंच वापरला असावा.

काम दोघांत वाटलं. संगणक वर्गाच्या सरांनी पसंती साठवून ठेवण्याची आणि कार्डं छापण्याची आतली व्यवस्था केली. पान दिसायला कसं असेल, ते माझ्याकडे. म्हणजे घर सरांनी बांधलं आणि मी फक्त रंग दिला, पण गावभर मी घरमालकासारखा हिंडत होतो. सर म्हणाले होते, “पसंती दिल्यावर कोणाला दिली ते नाव पडद्यावर दाखव, माणसाला खात्री पटते.” हे बाबांना सांगितलं तर ते उखडले. “काहून बे? रांगेत मागं उभा असलेला वाचते ना. पोरीच्या बापाले कोणी नाई म्हटलं तं तेही गावभर होते. नाव अजिबात दिसू नोको देऊ.” आमच्याकडे पसंती ही गुप्त दानासारखी गोष्ट. म्हणून आधी आपला नंबर टाकायचा, यादी आली की हव्या त्या नावावर माऊसनं दाबायचं आणि पुढच्या पानावर नुसतं ‘आपली पसंती नोंदवली आहे, मंगल कामना’ एवढंच सरकताना दिसायचं. नाव नाही, नंबर नाही.

आणि मग मी माझी करामत केली. एका पुस्तकात वाचलं होतं, की बाणाऐवजी आपलं चित्र लावता येतं. मी म्हटलं, मंगल काम आहे, आपला समाज आहे, पिंपळपान लावावं. बत्तीस आडव्या आणि बत्तीस उभ्या चौकटींत चित्र काढावं लागायचं, एकेक ठिपका भरत. चार दिवस मी ते पान भरत होतो. वर डाव्या कोपऱ्यात देठ, मध्ये हिरवं पान आणि खाली पिंपळाचं ते लांब, नाजूक, निमुळतं टोक. टोक इतकं सुंदर उतरलं होतं, की मीच त्याच्याकडे पाहत बसायचो. सर म्हणाले, “राजू, लोक नवरी शोधायला येऊन राह्यले, पान पाहायला नाई.” मी मनात म्हटलं, कलेची कदर नाही. चार नावं आणि चार मोठे फोटो टाकून मी पान तपासलं. फोटोवर कुठेही दाबा, बरोबर चालत होतं.

मुलांची यादी थोडी तोकडी पडत होती, म्हणून बाबांनी माझंही नाव घातलं. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, ‘संगणक क्षेत्रात’. कूलरचं क्षेत्र म्हटलं असतं तर जास्त खरं झालं असतं.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह सकाळपासून गच्च. वंदना झाली, हार झाले, तीन भाषणं झाली. तिन्ही भाषणांत समाजानं वेळेचं महत्त्व ओळखावं असं सांगून तिघांनी मिळून दुपार केली. मागून वांगे-आलूच्या रश्श्याचा आणि कढत तेलातल्या पुऱ्यांचा वास यायला लागला, तशी गर्दी अर्धी माझ्या संगणकाकडे आणि अर्धी जेवणाकडे वळली. मी टेबलाशी खुर्ची टाकून बसलो होतो, इस्त्रीच्या शर्टात. बहुतेकांनी माऊस जन्मात पहिल्यांदा हातात धरलेला. मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होतो, “पानाचं टोक नावावर ठेवा आणि डावं बटण दाबा.” दिवसभरात ते वाक्य मी शंभरदा तरी म्हटलं असेन. एवढ्या आत्मविश्वासानं एवढं चुकीचं वाक्य मी पुन्हा कधी बोललो नाही.

नावं खूप असल्यामुळे फोटो काढून टाकून मी ओळी बारीक केल्या होत्या, एकाखाली एक, खेटून. खाली ‘पुढे’ असं बटण होतं, ते मात्र दिवसभर अडत होतं. लोक त्यावर टोक ठेवून दाबायचे आणि काही व्हायचं नाही. मग मी माऊस हातात घेऊन जरा इकडेतिकडे हलवला, की व्हायचं. “माऊसमधे कोळशाची धूळ जाते,” मी सांगायचो. वणीत हे कारण कोणीही मान्य करतं. तेव्हाच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती मी तीन वेळा काढून रुमालानं पुसली, भोवतीच्या सहा-सात जणांना तिचं दर्शन दिलं आणि परत बसवली.

दुपारी एक मुलगी आली, झरी जामणीकडच्या एका गावची. सोबत तिची आत्या. मुलीच्या ओढणीला दोन टाचण्या खोचलेल्या आणि बोटांना शिवणकामाचे बारीक चरे. तिनं ‘पुढे’वर एकदा दाबलं, झालं नाही. माझी वाट न बघता तिनं माऊस हळूहळू खाली सरकवला, वर नेला, आणि बटण लागलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “ओ भाऊ, हे टोकानं नाई घेत जी. वरून, देठाकडून घेते.”

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. म्हणालो, “बाई, कॉम्प्युटर हाय हा. शिलाई मशीन नाई.”

तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, वळली, मुलांच्या यादीत सावकाश एके ठिकाणी दाबलं आणि उठून गेली.

तिकडे जेवणाच्या रांगेत ताई उभी होती. तिच्या पुढे मारेगावकडचे एक शिक्षक होते, प्रकाश सर, उंच आणि जरा वाकलेले. वाढणाऱ्याच्या हातून बुंदी त्यांच्या वरणात पडली. सरांनी ती चमच्यानं वेचत ताईला काहीतरी सांगितलं, आणि ताई हसली. तोंडाला पदर न लावता, दात दाखवून हसली. ते मी माझ्या खुर्चीवरून पाहिलं. ताईच्या मागे ती झरीकडची मुलगी ताट घेऊन उभी होती. तिघं जेवायलाही एकाच सतरंजीवर बसली. जेवण झाल्यावर प्रकाश सर माझ्याकडे आले, पानाचं टोक वैशालीताईच्या नावावर ठेवलं आणि दाबलं. मी शहाण्यासारखी नजर दुसरीकडे फिरवली, पण मनात लाडू फुटले. घरी येऊन ताईला सांगितलं नाही. कार्ड येईलच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे पोहे झाले.

आठवड्यानं मुलींच्या घरी कार्डं यायला लागली, मुलांची अजून छापायची होती. ताईच्या नावानं चांगली नऊ कार्डं आली. बाबांनी ती पट्टी लावून वाचली. त्यांत वणीतल्याच एका दोन ट्रकांच्या मालकाचं कार्ड होतं. प्रकाश सरांचं नव्हतं. मी कार्डं तीनदा उलटून पाहिली. ताईनं एकदाच विचारलं, “एवढेच?” आणि ती बालवाडीत निघून गेली. डोळ्यांनी पाहिलं होतं असं म्हणावं तर मशीन खोटी ठरते, आणि मशीन मी केली होती. मला वाटलं, सरांनी नंतर येऊन बदललं असेल. माणसावर संशय घ्यायला सोपं जातं, पानावर जात नाही. बाबांनी ट्रकमालकाला पत्र लिहून बोलावलं. त्याचा लगेच होकार, रविवारी मोठी माणसं घेऊन येतो. आईनं ओटा तीनऐवजी पाचदा पुसायला सुरुवात केली.

मधे मंडळाचे अध्यक्ष घरी येऊन ओसरीवरूनच ओरडले, “सचिवसाहेब, माह्या पोरीले एक बी कार्ड नाई? एक बी?” त्यांच्या मुलीचं नाव उशिरा आल्यामुळे यादीत सगळ्यात खाली होतं. बाबा म्हणाले, “कॉम्प्युटरनं केलं, अध्यक्षसाहेब. त्यात माणसाचा हात नाई.” मी आतल्या खोलीत छाती काढून बसलो होतो.

शुक्रवारी दुपारी ती झरीकडची मुलगी आत्यासोबत आमच्या दारात उभी राहिली. दोन बस बदलून आलेली, केसांवर रस्त्याची धूळ. आईनं पाणी दिलं. मुलीनं पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं आणि सरळ ताईच्या हातात दिलं. “हे तुमचं हाय ताई. माह्या घरी आलं, पण माहं नाई.”

कार्डावर प्रकाश सरांचं नाव होतं. आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, “सांगा हिले काहीतरी. मास्तरचं स्थळ चालून आलं, हिचा बाप दोन दिवस झाले गावात सांगत फिरून राह्यला, अन् हे म्हणते मी उत्तर टाकू देत नाई. काहून त कॉम्प्युटरचं पान चुकते म्हणे!”

“चुकतेच,” मुलगी म्हणाली. “यादीत माहं नाव ताईच्या वर हाय. सरानं ताईवर टोक ठेवलं असन, तं ते माह्यावर लागलं. म्या त्याच दिवशी सांगतलं होतं यायले.” यायले म्हणजे मला. तिनं बोटसुद्धा दाखवलं.

ताई कार्डाकडे पाहत होती. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या आणि संगणक वर्गाकडे पळालो. तिथे यादी उघडली, ताईच्या नावावर टोक ठेवलं, दाबलं आणि वर्गाच्या सरांच्या नोंदीत पाहिलं. वरच्या ओळीची नोंद. पुन्हा केलं, पुन्हा वरचीच. सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “चित्र कोणतंही लाव, त्यातला एकच ठिपका टोचते राजू. तो कोणता ते तू सांगायचं असते. नाई सांगतलं तं ते डाव्या वरच्या कोपऱ्याचा घेते.” माझ्या चित्रात त्या कोपऱ्यात देठ होता. सगळ्यांनी टोकानं नेम धरला आणि देठानं गोळी झाडली. ओळी बारीक, म्हणून प्रत्येकाची पसंती एक घर वर सरकली. आणि दाबल्यावर वर काय घडलं ते दिसलंही नाही, कारण त्या वरच्या नावावर माझंच चार दिवस रंगवलेलं हिरवं पान पसरलेलं होतं.

बाबांना सांगणं भाग होतं. रविवार परवावर आलेला. मी घरी येऊन उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ते हातात पट्टी घेऊन बसले होते. ओरडतील असं वाटलं, ओरडले नाहीत. पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “हजेरीत एक ओळ चुकली तं माहीत हाय काय होते? रजेवरचा माणूस कामावर दिसते, अन् राबणारा गैरहजर. मंग तो राबणारा घरी जाऊन काय सांगन?” मग आत वळून, आवाज न चढवता, “वैशाली, रविवारचं राह्यलं. मी जातो सांगाले.” ताई आत पदरानं डोळे पुसत होती आणि त्याच वेळी हसतही होती. झरीकडची मुलगी तिच्याजवळ बसून आईनं दिलेला चिवडा खात होती, जणू बाजाराला आली होती आणि बाजार आटोपला होता.

ट्रकमालकाकडे बाबांसोबत मीही गेलो, गुन्हेगार म्हणून. त्यानं सगळं ऐकलं आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरच्या पावत्या हलल्या. “खरं सांगू साहेब? म्या खालच्या त्या तलाठी मॅडमवर ठेवलं होतं. तुमचं पत्र आलं तं मी घाबरलो. सचिवसाहेबांच्या पोरीले नाई कसं म्हणू?” म्हणजे माझ्या पानानं जवळजवळ जमवलेलं लग्न निव्वळ आदरापोटी होणार होतं. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मग दुरुस्ती. सगळ्या पसंत्या एकेक ओळ खाली आणायच्या आणि नवी कार्डं छापायची. बाबांनी मला टेबलाशी बसवलं आणि हातात पट्टी दिली. “ही धर,” एवढंच. नव्या कार्डावर त्यांनी स्वतः मजकूर घातला, ‘आधीचे कार्ड चुकीने आले, मंडळ दिलगीर आहे.’ अध्यक्षांच्या मुलीच्या नावासमोर सात पसंत्या आल्या. ताईच्या नावासमोर प्रकाश सर आले. झरीकडच्या मुलीकडचं मास्तराचं स्थळ गेलं आणि त्या जागी काही आलं नाही, कारण तिच्या नावावर कोणीच टोक ठेवलं नव्हतं. हे मी पट्टी धरून लिहिलं. हातचं स्थळ जाणार हे जाणून ती दोन बस बदलून आली होती.

मुलींची यादी झाली, मग मुलांची घेतली. मी शेवटून दुसरा. माझ्या नावासमोर त्या मेळाव्यातली माझी एकुलती एक पसंती होती. नंबर पाहिला. त्याच मुलीचा.

नियम सगळ्यांना एक. सगळं एक ओळ खाली. माझ्या खाली एकच नाव होतं, मारेगावकडच्या एका वनरक्षकाचं. सरकारी नोकरी, खाकी कपडे, झरीच्या जंगलाच्या मुलीला शोभणारं स्थळ. तिनं त्याच्यावर टोक ठेवलं असणार, आणि ते माझ्यावर लागलं असणार, हे दिवसासारखं स्वच्छ होतं. मी पट्टी त्याच्या नावाखाली सरकवली. मग वर आणली. बाहेर एक ट्रक गेला आणि कपबशा वाजल्या. मी पुन्हा पट्टी खाली नेली, आणि पेन न टेकवता कागद उलटवला. तेवढी एक ओळ मी दुरुस्त केली नाही. वनरक्षकाला ते कार्ड कधीच गेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. ताईचं लग्न त्याच उन्हाळ्यात प्रकाश सरांशी झालं. दाजी अजूनही जेवताना वरणात बुंदी घालून घेतात आणि ताई अजूनही त्यांच्यावर ओरडते. मी छपाईचं छोटं दुकान टाकलं, आई दोनदा झरीकडे जाऊन आली, एकदा आभार मानायला आणि दुसऱ्यांदा माझ्यासाठी मागणी घालायला, आणि ती मुलगी, रंजना, आमच्या घरी आली. तिच्या शिलाई मशीनचा आवाज ट्रकांच्या आवाजात मिसळून गेला. संसार चांगला झाला. फक्त रस्त्यानं वन खात्याची जीप गेली की ती नजरेआड होईपर्यंत मी दुकानाच्या दारात उभा राहतो. बाजारात कोणी खाकी कपड्यातला उंच माणूस दिसला की मी तिला दुसऱ्या गल्लीनं नेतो. ती विचारते, “इकडून काहून?” मी म्हणतो, इकडे भाजी ताजी असते. इतकी वर्षं आम्ही माझ्या त्या एका ओळीपायी नको तिथली भाजी खाल्ली.

हे सगळं लिहून झालं तेव्हा ती खिडकीत बसून कोणाच्या तरी साडीला फॉल लावत होती. मी म्हटलं, छापायच्या आधी तुला वाचून दाखवतो. वनरक्षकाच्या ओळीपाशी आलो तेव्हा माझा आवाज बारीक झाला. वाचून झाल्यावर मी कागद खाली ठेवला आणि चष्मा पुसत बसलो, म्हणजे तिच्याकडे पाहावं लागू नये. तिनं टाका पूर्ण केला, गाठ मारली, दातानं दोरा तोडला.

“ओ शहाणे,” ती म्हणाली, “पान देठाकडून घेते हे तुमच्या त्या सभागृहात एकटीले माहीत होतं. मंग म्या टोकानं कायले दाबीन?”

आणि सुईत नवा दोरा ओवत, माझ्याकडे न पाहता, “देठ तुमच्यावरच ठेवला होता. पहिले ते चक्र काढा माह्या पानावरचं.”